नेम

पावणेपाचला गजर होतो. मोबाइल उशाशी ठेवायचा नाही, हे मी फार पूर्वी ठरवून टाकलं. तो खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. बंद करायचा तर उठावंच लागतं. पलंगापासून कपाटापर्यंत सहा पावलं. गेली अकरा वर्षं मी ही सहा पावलं चालतेय आणि खरं सांगते, ती अजून सोपी झालेली नाहीत. पांघरुणाची ऊब पाठीला चिकटलेली असते, डोळे चुरचुरत असतात आणि तेवढ्याशा अंतरात शरीर आपली सगळी बाजू मांडून घेतं. काल झोपायला उशीर झाला. आज दिवसभर कामाचा रगाडा आहे. आजारी पडलीस तर? आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात गोड आवाजात: देव दयाळू आहे, तो समजून घेईल.

हे शेवटचंच मला सगळ्यात जड जातं, कारण ते खरं आहे. देव दयाळू आहेच. तो समजून घेतोच. पण एवढी खरी गोष्ट मला एरवी दिवसभरात आठवत नाही. कुणाला क्षमा करायची असते तेव्हा आठवत नाही. हातून काही चुकलं म्हणून रात्रभर स्वतःला बोल लावत पडलेली असते तेव्हाही नाही. बरोबर पावणेपाचला आठवते. देवाच्या दयेला मी त्या क्षणी माझ्या झोपेच्या राखणीला बसवलेलं असतं.

आपल्या भाषेत या रोजच्या उठण्याला एक जुना, घरातला शब्द आहे: नेम. शिस्त म्हटलं की कवायत आणि शिट्टी डोळ्यांसमोर येते. साधना म्हटलं की ते कुणा मोठ्यांचं काम, आपलं नव्हे, असं वाटतं. नेम मात्र कुणालाही झेपतो. आजीचा नेम असतो, लहान मुलाचाही असू शकतो. आणि धनुष्यातून बाण सोडण्याआधी धरतात तोही नेमच. बायबलच्या नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द येतो, हामार्तिया, त्याच्याही मुळाशी हेच आहे: नेम चुकणं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच पानावर थांबले होते. रोज पाळायचा नेम आणि लागायला हवा तो नेम, दोन्ही आपल्या भाषेने आधीच एका शब्दात बांधून ठेवलेत. तिसराही एक अर्थ आहे, आयुष्याचा काय नेम म्हणतो तो. त्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. तो मला नंतर भेटला.

पहाटेचं काही बोलायचं झालं की मला कफर्णहूम हे गाव आठवतं. मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, शुभवर्तमानाच्या, पहिल्याच अध्यायातला येशूचा तिथला तो शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रामाचा दिवस. सकाळी सभास्थानात शिकवण, तिथेच अशुद्ध आत्मा लागलेल्या माणसाची सुटका, मग शिमोन या शिष्याच्या घरी त्याच्या तापाने फणफणलेल्या सासूला हात देऊन उठवणं. सूर्य मावळला, शब्बाथ संपला आणि सगळं गाव दाराशी लोटलं. आजारी माणसं, भुतं लागलेली माणसं, त्यांना धरून आणणारी माणसं. त्या रात्री येशूने किती उशिरा पाठ टेकली असेल, याचा अंदाज ज्यांनी आजाऱ्यांची सेवा केलीय त्यांना येईल. आणि पुढचं वाक्य असं, की पहाटे, अजून अंधार असतानाच तो उठला, बाहेर पडला आणि एकांत जागी जाऊन प्रार्थना करू लागला.

मार्क एवढंच सांगतो. काय प्रार्थना केली ते सांगत नाही. शिमोन आणि सोबतचे त्याला हुडकत येतात आणि म्हणतात, सगळे तुला शोधताहेत. कालचं यश आजही दाराशी उभं आहे, परत चल. आणि तो म्हणतो, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, मी त्यासाठीच आलोय. मला नेहमी वाटतं, हे उत्तर त्या अंधारात तयार झालं होतं. गर्दी आपल्याला हवी असणं आणि गर्दीला आपण हवे असणं यांतून बाहेर काढणारा आवाज गर्दीत ऐकू येत नाही. माझ्यासारखीचं तर अगदी रोजचं आहे. ज्या दिवशी मी त्या सहा पावलांना हरते, त्या दिवशी माझा दिवस दुसराच कुणीतरी ठरवतो. मोबाइलवरचा पहिला निरोप ठरवतो, कुणाचा तरी चढलेला आवाज ठरवतो, माझी स्वतःची चिंता ठरवते. मी फक्त मागून धावत असते.

इथे एक गोष्ट मला मोकळेपणाने सांगायची आहे, कारण या विषयावर बोलताना आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ती नेहमी निसटते. आराम पाप नाही. ज्याने पहाटे अंधारात उठून प्रार्थना केली, त्यानेच दमलेल्या शिष्यांना सांगितलं की एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या. तो लग्नाला जाई, जेवणावळींत बसे, इतका की त्याच्या विरोधकांना ते खुपायचं. आणि तो होडीत झोपलाही. वादळाची ती गोष्ट मत्तय सांगतो, लूक सांगतो, पण उशी फक्त मार्कला आठवते: येशू होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता. लाटा आत शिरताहेत आणि तो झोपलाय.

त्या रात्री शिष्य मात्र टक्क जागे होते, भीतीने. पुढे, येशूला पकडलं त्या रात्री, गेथशेमाने बागेत नेमकं उलट झालं. तो जागा होता आणि ते झोपले. तीन वेळा येऊन त्याने पाहिलं, तिन्ही वेळा झोपलेले. एक तासही तुमच्याने जागवलं नाही का, असं तो विचारतो, आणि त्याच श्वासात त्यांची बाजूही घेतो, की आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे. लूक तर म्हणतो, ते दुःखाने झोपले होते. ज्याला दुःखाची झोप ठाऊक आहे तो त्यांना दोष देणार नाही. पण या दोन रात्री शेजारी ठेवून पाहिल्यापासून माझा आरामाबद्दलचा प्रश्नच बदलला. झोपावं की जागावं हा प्रश्न नाही. कुणाच्या सांगण्यावरून झोपते आणि कुणाच्या सांगण्यावरून जागते, हा आहे. भीती मला जागवते आणि कंटाळा मला झोपवतो, हे माझं मूळचं वेळापत्रक. पित्यावर भरवसा असल्यामुळे झोप लागावी आणि प्रीतीमुळे जाग यावी, हे त्याचं. एकातून दुसऱ्याकडे जायला जो रियाज लागतो, त्याला मी नेम म्हणते.

रियाज हा शब्द मुद्दाम वापरला. तारण कृपेने आहे, कमाईने नाही, मग एवढं कशाला, असं कुणी विचारलं की मी पहिल्या मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाकडे जाते, कारण कृपेबद्दल त्याच्याइतकं ठामपणे कुणी लिहिलेलं नाही. तोच करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला धावणाऱ्यांचं उदाहरण देतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, त्यामुळे त्या लोकांनी धावपटूंचा सराव डोळ्यांनी पाहिलेला. जिंकणाऱ्याला मिळे पानांचा मुकुट, काही दिवसांत वाळून जाणारा. एका वाळणाऱ्या मुकुटासाठी ते सगळ्या बाबतींत संयम पाळतात, मग आपण? आणि मग तो स्वतःच्या शरीराविषयी जे क्रियापद वापरतो त्याचा ग्रीकमधला मूळ अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणं असा आहे. मुष्टियुद्धातला शब्द. तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहिताना तो भक्तीचा सराव कर म्हणतो, तिथलं क्रियापद व्यायामशाळेतलं आहे. धावपटू पळतो म्हणून त्याला पाय मिळत नाहीत. पाय आधीच मिळालेले असतात. कृपेने आपल्याला पाय दिलेत, एवढंच मला त्यातून कळतं.

आणि लूकच्या नवव्या अध्यायातला तो एक शब्द. वधस्तंभ उचलण्याची आज्ञा मत्तयात आहे, मार्कात आहे. लूकने मात्र त्यात 'दररोज' घातलं. वधस्तंभ ही माणसाने एकदाच उचलायची गोष्ट. रोमी राज्यात तो उचलून निघालेला माणूस परत येत नसे. मग दररोज कसा उचलायचा? मला तरी याचं उत्तर फार मोठ्या कशात सापडलेलं नाही. सहा पावलांत सापडतं, तेही सगळ्या दिवशी नाही.

उठल्यानंतरचं सांगायला हवं, कारण उठलं की संपलं असं अजिबात नाही. खुर्चीत बसते, दिवा लावते, बायबल उघडते आणि चौथ्या मिनिटाला हात कपाटाकडे जायला लागतो. काही महत्त्वाचं आलं असेल का, एवढंच बघू. मग वाटतं, घड्याळ थांबलंय की काय. मग वाटतं, ही खुर्चीच बरोबर नाही. मग मंडळीतल्या कुणाचं तरी वागणं आठवतं आणि वाटतं, प्रीती अशी कुठे उरलीच नाही. बरीच वर्षं मला हा माझ्या पिढीचा, या यंत्रांचा दोष वाटायचा. मग इजिप्तच्या वाळवंटात राहून ३९९ साली वारलेल्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाचं लिखाण वाचनात आलं. खोलीत एकट्या बसलेल्या भावाला दुपारी गाठणाऱ्या एका दुष्ट विचाराचं तो वर्णन करतो. सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. माणूस सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन जेवणाच्या वेळेला अजून किती अवकाश आहे ते सूर्यावरून मोजतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून इकडेतिकडे पाहतो. मग त्याला ती जागा नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं आणि भावांमधली प्रीतीच आटली असं वाटू लागतं. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या मातीच्या खोलीत मोबाइल नव्हता. हात तोच होता.

स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसाचंही असंच. प्रार्थनेविषयी तिच्याइतकं खोल लिहिणारं माणूस विरळा, आणि तीच सांगते की काही वर्षं तिचं लक्ष प्रार्थनेपेक्षा तास कधी संपतो याकडे, घड्याळाच्या ठोक्याकडे लागलेलं असे. तरी ती बसत राहिली. हे वाचून मला किती आधार मिळाला ते सांगता येणार नाही. आपल्याला गोडी लागली म्हणजे प्रार्थना, गोडी गेली की ढोंग, असं मी समजत होते. गोडी नसताना बसणं हे ढोंग नाही. खरं तर तिथेच पहिल्यांदा मी माझ्यासाठी न बसता त्याच्यासाठी बसते.

हिटलरच्या राजवटीला विरोध करणारा जर्मन पाळक दीट्रिख बोनहोफर फिंकनवाल्डला पाळकांचं शिक्षण देत असताना त्याने विद्यार्थ्यांना रोज सकाळी अर्धा तास शांत बसवलं. एकच वचन, आठवडाभर तेच. संदर्भ शोधायचे नाहीत, उपदेशाची तयारी करायची नाही, फक्त वचनासमोर बसायचं. मुलं कुरकुरली. अर्धा तास काय करायचं? ती पाठशाळा १९३७ मध्ये नाझी पोलिसांनी बंद केली. १९३९च्या जूनमध्ये बोनहोफर न्यूयॉर्कला पोचला. मित्रांनी त्याच्या जिवाच्या काळजीने सगळी सोय करून दिली होती. काम होतं, खोली होती, सुरक्षितता होती. त्याला चैन पडेना. परत जावं हे मनात वळत होतंच, आणि २६ जूनला वाचताना पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं एक साधं वाक्य समोर आलं: हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. ते वाक्य दिवसभर त्याच्या मागे राहिलं. जुलैमध्ये तो जर्मनीला परतला. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं गेलं.

मी या प्रसंगाकडे पुन्हापुन्हा जाते ते त्या मोठ्या त्यागासाठी नाही. तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. मी जाते त्या वाक्यासाठी. तुरुंगातल्या म्हाताऱ्या पौलाने एका तरुण मित्राला केलेली घरगुती विनंती ती. कुणीही वरून वाचून पुढे गेलं असतं. पण ज्याने वर्षानुवर्षं एकेका वचनापुढे मुकाट बसण्याची सवय लावून घेतलेली असते, त्याचा कान तयार असतो. निर्णयाच्या दिवशी कान तयार करता येत नाही.

आता माझ्या नेमाची दुसरी बाजू. ती लिहायला मला जड जातंय, पण ती टाळली तर वरचं सगळं अर्धंच राहील.

चौथ्या-पाचव्या वर्षी माझा नेम चांगला बसला होता. पहाटेची प्रार्थना, शुक्रवारचा संध्याकाळपर्यंतचा उपास, ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस अधिक कडक. आणि हळूहळू मी कडक होत गेले. उशिरा उठणाऱ्यांबद्दल मनात एक बारीक तुच्छता यायला लागली. कुणी उपासनेला उशिरा आलं की मान न वळवता मला कळायचं. शुक्रवारी दुपारनंतर माझ्याशी बोलताना घरातले शब्द मोजून बोलायचे. एका शुक्रवारी मुलगी वही दाखवायला आली आणि तिने तीच चूक तिसऱ्यांदा केली म्हणून मी ती वही अशी आपटली की तिचं पान फाटलं. ती काही बोलली नाही. खाली बसून फाटलेलं पान जुळवत राहिली. रात्री नवरा एवढंच म्हणाला, "तुझा उपास असला की घरात सगळेच उपाशी असल्यासारखे वाटतात."

मी दुसऱ्या दिवशी मंडळीतल्या एका वयस्क बाईंकडे गेले. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, एवढं कडक करू नकोस. त्यांनी उपासाबद्दल काही म्हटलंच नाही. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "शुक्रवारी तू जे खात नाहीस, ते जातं कुठे?"

मला प्रश्नच कळला नाही. कुठे जाणार? त्या म्हणाल्या, "मग ते तुझ्याकडेच राहिलं ना गं."

हर्मासचा मेंढपाळ म्हणून दुसऱ्या शतकातलं एक ख्रिस्ती लिखाण आहे. त्यात उपास कसा करावा हे सांगितलंय. त्या दिवशी भाकर आणि पाण्याशिवाय काही घेऊ नये, एरवी जे खाल्लं असतं त्याची किंमत काढावी आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. पुढे केव्हातरी हे वाचलं तेव्हा त्या बाईंचा प्रश्न कुठून आला ते उमगलं. त्याच्याही आधी जुन्या करारात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव हेच म्हणतो. तुम्ही उपास करता आणि भांडता, मुठी आवळता. मला हवा तो उपास हा नाही. भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, उघड्याला पांघरूण घाल. सोडलेली गोष्ट कुणाच्या तरी हातात पडली पाहिजे. नाहीतर ती आतच साचते आणि आंबते. माझी आंबली होती.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठासाठी नियम लिहिले, त्याचे ७३ अध्याय आहेत. मी ते वाचायला घेतले ते आणखी कडक काहीतरी सापडेल म्हणून. हाती लागलं ते वेगळंच. बाविसाव्या अध्यायात भाऊ कसे झोपावेत ते आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी झोपावं, म्हणजे इशारा होताच उठता येईल. इथवर माझ्या मनासारखं. पण पुढे तो म्हणतो, उठताना त्यांनी एकमेकांना हळुवारपणे धीर द्यावा, कारण झोपाळू माणसं सबबी सांगतात. हळुवारपणे. आणि त्रेचाळिसाव्या अध्यायात, रात्रीच्या उपासनेला उशिरा येणाऱ्यांबद्दल लिहिताना, तो सांगतो की सुरुवातीचं स्तोत्र, आपल्या गणतीने ९५वं, मुद्दाम सावकाश म्हणावं. उशीर झालेल्याला ते संपेपर्यंत पोचता यावं म्हणून. सगळा मठ एक स्तोत्र रेंगाळून म्हणतोय, कारण अंधारातल्या वाटेने कुणीतरी डोळे चोळत येतंय. नेम मोडायचा नाही, पण त्याचा वेग शेवटच्या माणसाचा ठेवायचा. मी मान न वळवता उशिरा येणारे मोजत होते, आणि इथे सगळे मिळून त्यांच्यासाठी थांबले होते.

त्यानंतर दोन वर्षांनी आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. तिला मी माझ्याकडे आणलं. ती चौदा महिने अंथरुणावर होती, आणि या चौदा महिन्यांत मला नेमचा तो तिसरा अर्थ रोज भेटत राहिला. कशाचाही नेम नव्हता. रात्रीचा नव्हता, सकाळचा नव्हता. आणि तिला जाग यायची ती नेमकी पाचच्या सुमाराला. मी खुर्चीत बसून जरा कुठे शांत होतेय, तोच पलीकडच्या खोलीतून तिचा आवाज. शब्द नीट उमटत नसे. नुसता एक लांबलेला स्वर. अंथरूण ओलं झालेलं असायचं, किंवा तिला कूस बदलायची असायची, किंवा नुसतीच भीती वाटलेली असायची.

पहिले काही आठवडे मी "आई, पाच मिनिटं गं" म्हणून बसल्या जागेवरून ओरडत होते. पाच मिनिटं डोळे मिटून घट्ट बसायचे आणि त्या पाच मिनिटांत एकही शब्द देवापर्यंत पोचायचा नाही. एकदा गेले तेव्हा ती ओल्या अंथरुणात थरथरत होती. माझ्याकडे पाहून ती डाव्या हाताने खूण करत राहिली. मला वाटलं चादर मागतेय. ती मला परत जा म्हणत होती. प्रार्थना कर, जा.

इजिप्तच्या वाळवंटातल्या त्या जुन्या संन्याशांच्या वचनसंग्रहात अब्बा पोयमेन या वडीलधाऱ्याची एक गोष्ट आहे. काही वृद्ध त्याच्याकडे आले आणि म्हणाले, उपासनेच्या वेळी एखादा भाऊ डुलक्या घेताना दिसला तर त्याला चिमटा काढून उठवावं का, म्हणजे तो जागा राहील? पोयमेन म्हणाला, मला तर भावाला डुलकी लागलेली दिसली की मी त्याचं डोकं माझ्या मांडीवर ठेवतो आणि त्याला विसावू देतो. हा पोयमेन काही सैल माणूस नव्हता. स्वतः त्याने आयुष्यभर कडक नेम पाळला. त्याचं डोकं त्याने कुणाच्या मांडीवर ठेवलं असं ऐकिवात नाही. पण त्याच्या मांडीवर जागा होती.

ती गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती. त्या सकाळी आईचे पाय पुसताना ती मला कळली. आणि आणखी एक गोष्ट जाणवली, जी मी कुणाला पटवून देऊ शकेन की नाही माहीत नाही. आई हाक मारायची तेव्हा मी जागी असायचे. माझं शरीर अंधारात उठायला तयार झालेलं होतं. त्या सहा पावलांनी ते तयार केलं होतं. ज्या वर्षांत मला वाटत होतं की मी देवासाठी माझी झोप सोडतेय, त्या वर्षांत तो मला या चौदा महिन्यांसाठी जागं राहायला शिकवत होता. मी जे सोडलं होतं ते कुणाच्या हातात पडायचं होतं, ते आता दिसत होतं. तिचा डावा हात माझ्या मनगटावर असायचा.

मी खुर्ची उचलली आणि तिच्या पलंगाशी आणून ठेवली. आधी तिचं सगळं आवरायचं, कोरडं करायचं, पाठीमागे उशी लावायची, मग दोघींनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची. लहानपणी तिनेच ती मला शिकवली होती, तेव्हा मी भरभर म्हणून मोकळी व्हायचे आणि ती म्हणायची, "अगं, कुणाशी बोलतेयस ते बघ." आता ती मागे राहायची. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' एवढं जुळवायलाच तिला किती वेळ लागायचा. मी पुढे गेले की ती डोळ्यांनी थांबवायची. मग मी वाट पाहायला शिकले. एक ओळ म्हणायची आणि थांबायचं, तिचा शब्द येईपर्यंत. 'आमची रोजची भाकर' इथे ती हमखास अडकायची. भ तिच्या ओठांवर यायचाच नाही. ओठ मिटायचे, सुटायचे, पुन्हा मिटायचे. कधी अर्धा मिनिट, कधी जास्त. बाहेर उजाडायला लागायचं. मग कसातरी तो शब्द यायचा आणि तिचा चेहरा असा उजळायचा की पुढची ओळ म्हणायचं मला सुचायचं नाही.

ती जाऊन आता तीन वर्षं होतील. खुर्ची अजून त्याच खोलीत आहे, पलंग हलवला. गजर पावणेपाचला होतो, सहा पावलं आहेत तेवढीच आहेत. प्रभूची प्रार्थना मी आता एकटीच म्हणते, आणि 'आमची रोजची' म्हणून झालं की थांबते.